बंबातल्या वह्या

परवा माग्नुस हिर्शफेल्डबद्दल वाचत होतो. बर्लिनचा डॉक्टर. पुरुषांमधलं प्रेम हा गुन्हा ठरू नये म्हणून १८९७ पासून कायद्याशी झगडला. १९१९ मध्ये त्याने लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली. मे १९३३ मध्ये ती लुटली गेली, नाझींनी पुस्तकं चौकात जाळली. तो तेव्हा परदेशात होता. ती होळी त्याने पॅरिसच्या थिएटरात, बातमीपटात पाहिली! १९३५ साली, ६७ व्या वाढदिवशीच, तो नीसमध्ये वारला.

वाचता वाचता आमचे अण्णाकाका आठवले. त्यांनी लग्न का केलं नाही, कुणी कधी विचारलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या वह्या सापडल्या. दोन पानं वाचली आणि सगळ्या बंबात घातल्या. घराची अब्रू वाचवली, असं वाटलं होतं तेव्हा..

घालणारा मीच.