चौथी मात्रा

क्वीन या इंग्रजी बँडचं ‘वी विल रॉक यू’ हे गाणं १९७७ साली आलं. त्याचा ठेका आपल्या पद्धतीने मोजायचा तर चार मात्रांचा आहे. पहिल्या दोन मात्रांवर पाय आपटायचा, तिसरीवर टाळी द्यायची आणि चौथी मोकळी सोडायची. जवळजवळ सगळं गाणं एवढ्यावरच उभं आहे. ड्रमसेट नाही, बेस नाही. गिटार सुटते तीही अगदी शेवटी, आणि ती सुटली की गाणं संपतंच. शहापूर-मुरबाडकडच्या हळदीत ऑक्टोपॅडवर बसणाऱ्याने हा ठेका ऐकला तर त्याचा हात चौथ्या मात्रेवर आपसूक उचलला जाईल. समोर आठ पॅड असताना एखादी मात्रा कोरी कशी जाऊ द्यायची? आजच्या पॉप गाण्यावर क्वीनचा प्रभाव कुठे, असा प्रश्न निघाला की लोक गायक मर्क्युरीचा आवाज सांगतात, गिटारचे थर सांगतात. माझं मत वेगळं आहे. या बँडने पुढच्यांना दिलेली सगळ्यात टिकाऊ वस्तू ती कोरी मात्रा आहे, आणि आपल्या मांडवातल्या वाजवण्याला तिच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

गाणं रचलं गिटारवादक ब्रायन मे यांनी. स्टॅफर्डच्या बिंग्ली हॉलमधल्या कार्यक्रमानंतर श्रोते स्वतःच गाऊ लागले आणि मे यांना प्रश्न पडला की खेटून उभ्या असलेल्या गर्दीला करता येण्यासारखं असतं काय? पाय आपटता येतात, टाळ्या वाजवता येतात, गाता येतं. गाणं त्यातून निघालं. ध्वनिमुद्रण लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत झालं. तिथल्या जुन्या लाकडी फळ्यांवर मोजक्याच माणसांनी पाय आपटले आणि ते आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवले. पण नुसते थर चढवून जमाव होत नाही. मे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते. आवाजाच्या प्रती त्यांनी थोड्या थोड्या उशिराने ठेवल्या, आणि हा उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात राखला. सारख्या अंतराने आवाज परत आला तर कानाला भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी वाटतो. मूळ संख्या एकमेकींच्या पटीत बसत नाहीत, त्यामुळे प्रतिध्वनी जुळतच नाही आणि कानाला जवळ-दूर उभी असलेली शेकडो माणसं दिसू लागतात. या कारागिरीपुढे मी नेहमी थबकतो. इतकी बुद्धी खर्च केली ती वादकाला मागे सारून ऐकणाऱ्याला पुढे आणण्यासाठी.

प्रभाव दोन तऱ्हांनी उतरतो. एक म्हणजे सरळ उचल. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१च्या ‘अंडर प्रेशर’मधली बेसची ओळ व्हॅनिला आइसच्या १९९०च्या ‘आइस आइस बेबी’त सापडते. अशी उचल त्या एका गाण्यापुरती राहते. दुसरी तऱ्हा रचनेची. लेडी गागाने नावच क्वीनच्या ‘रेडिओ गा गा’वरून घेतलं. तिच्या २०११च्या ‘यू अँड आय’मध्ये तो पाय-पाय-टाळीचा ठेका आहे, आणि गिटार वाजवायला खुद्द मे आहेत. पुढच्याच वर्षी गाजलेलं लुमिनियर्स या बँडचं ‘हो हे’ बघा. त्यात क्वीनचा एक सूर नाही, पण पायाचे ठोके, टाळ्या, आरोळ्या आणि मधली मोकळी जागा हाच गाण्याचा सांगाडा आहे. तिथे क्वीनचं नाव घ्यायची गरज उरलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, पाय आपटणं आणि टाळी देणं काय क्वीनने शोधलं? तारपा नाच बघा. मध्ये भोपळ्याचा तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती एकमेकांना धरून फिरणारी रांग, म्होरक्याच्या हातातली घोळकाठी जमिनीवर आपटते आणि पावलं त्याबरोबर पडतात. वारकऱ्यांची पावली बघा. तबल्याच्या शास्त्रात तर मोकळ्या जागेला ‘खाली’ हे नावच आहे. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर टाळी आणि पाचवीवर खाली. आक्षेप खरा आहे आणि तो मला मान्य आहे. पण नाचात सगळेच नाचणारे असतात, ऐकणारा म्हणून वेगळा कोणी नसतो. ध्वनिमुद्रित गाण्याने माणसाला ऐकणारा करून बसवलं होतं. क्वीनने त्याच ध्वनिमुद्रणाच्या आत त्याला उठवून रांगेत घेतलं. नवं काही असेल तर ते हेच. मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, म्हणून या ठेक्यात आपली माती शोधण्याचा मोहही टाळायला हवा. तिथला त्यांचा ‘हेक्टिक्स’ हा बँड पाश्चात्त्य रॉक अँड रोलच वाजवायचा. आणि मुख्य म्हणजे हे गाणं मर्क्युरींचं नाही, मे यांचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा. आसनगाव, खर्डी, म्हसा, टोकावडे इथल्या हळदीत क्वीन ऐकलंय कोणी? नाव कुणी ऐकलं नसेलही. पण वाद्यांच्या प्रवासात नाव सगळ्यात आधी गळतं. आपल्याकडचा बेंजो घ्या. टाइपरायटरसारखी बटणं आणि तारा असलेलं हे वाद्य मुळात जपानचं. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी ते तैशोगोतो म्हणून बनवलं. आपण त्याला नाव दिलं ते तिसऱ्याच वाद्याचं, आणि आगरी-कोळी गाणं त्याच्यावर असं बसलं की ते परकं आहे असं सांगितलं तर लोक भांडतील. ठेकेही असेच येतात. की-बोर्डवर ‘एट बीट’, ‘रॉक’, ‘डिस्को’ अशी बटणं असतात. वाजवणारा बटण दाबतो, त्यामागचा बँड त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. पाय-पाय-टाळी तर क्रिकेटच्या मैदानांतून पोरांच्या अंगात आधीच उतरलेली असते.

अडचण आहे ती आपण काय घेतलं आणि काय मागे ठेवलं याची. ठोक्याचं वजन आपण घेतलं, मोकळी जागा घेतली नाही. ढोल, ताशा, पॅडवरचा रोल, वरून की-बोर्डचा तयार ठेका, आणि या सगळ्याखाली हळदीला बसलेल्या बायकांचा आवाज. त्यांना शिरायला फट कुठेच नाही. मांडवात माणसं भरलेल्या आवाजावरच नाचतात, जरा रिकामं सोडलं की थंड पडतात, असं पॅडवाले सांगतात. आठ मोकळ्या मात्रा सलग ठेवल्या तर पडतीलही. पण दर फेऱ्यात एकच मात्रा, तीही ठरलेल्या जागी आली, तर दोन-तीन फेऱ्यांत अंगाला तिची वाट कळते. क्वीनच्या ठेक्यात तिसऱ्या मात्रेवर टाळी आहे म्हणून चौथी पडकी वाटत नाही. टाळी तिला धरून ठेवते. आपल्याकडे ते काम बांगड्या भरलेले हात चांगलं करतील. त्यासाठी की-बोर्डचा तयार ठेका आधी बंद करायचा, ताशा दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबवायचा, ढोलाला पहिल्या दोन मात्रा द्यायच्या, आणि तिसरीला पॅडवरची टाळी वाजवायची नाही. ती बायकांनाच देऊ द्यायची.