जुन्या गाडीची खरी किंमत



घरातलं मूल अठराच्या उंबरठ्यावर आलं की गाडीचा विषय निघतोच. आमच्याकडे तो नातीवरून निघाला. ती विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत शिकते, आणि आमचं घर वजिराबादकडे. गोदावरीचा पूल ओलांडून लातूर रस्त्याला लागायचं, ट्रक आणि ट्रॅव्हल्सची सतत ये-जा, त्यात प्रॅक्टिकल संपेपर्यंत अंधार पडायला येतो. पहिलं वर्षभर तिचे पप्पा दुकान नोकरावर टाकून सोडायला-आणायला जात.

मुलगा म्हणाला, हप्त्यावर नवी गाडी घेऊ. सूनबाईंना त्या रस्त्यावर स्कूटी नको होती. आमच्या ह्यांचं एकच म्हणणं, कर्ज नको. मग मी म्हटलं, जुनी पाहू. निम्मे पैसे माझ्या ठेवीतले घ्या, हिशोबही मीच ठेवते. मी १९८३ची बी.कॉम. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली होती. तेव्हा शिकलेला घसारा चाळीस वर्षांनी कामाला आला. आयकराच्या हिशोबात मोटारीवर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात. बाजारात तर नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांतच बरीच उतरते. जुनी घेतली की तो घसारा आधीच्या मालकानं सोसलेला असतो.

पण बी.कॉम.च्या पुस्तकातला दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. जुनं यंत्र विकत घेतलं आणि वापरायला काढण्याआधी दुरुस्त केलं, तर तो खर्च दुरुस्तीखाती टाकायचा नाही, यंत्राच्या किमतीत मिळवायचा. जुनी गाडी घेताना बायकांनी हे पक्कं डोक्यात ठेवावं. विकणारा सांगतो ती अर्धीच किंमत. गाडी आपल्या लेकराला बसवण्याजोगी होईपर्यंत जे लागतं, ते धरून खरी किंमत.

आपल्या नांदेडात स्वस्त गाड्या म्हणून बऱ्याच हैदराबाद-निजामाबादकडून येतात. दिसायला झकपक, पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, नंबर नव्यानं घ्यावा लागतो. हे मिळवलं की स्वस्ताई संपते. म्हणून आम्ही आपल्याच राज्याची पाहिली. लातूरला एका निवृत्त शिक्षकांकडे २०१२ची वॅगनआर मिळाली. पेट्रोल, एकच मालक, एमएच २४चा नंबर. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही. सौदा १,७५,००० ला ठरला.

पैसे देण्याआधी मी कागद मागितले. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवला. बँकेचा बोजा आरसीवरून उतरला आहे का ते पाहिलं, कारण कर्ज फिटलं तरी बोजा तसाच राहिलेला असतो. दंडाच्या पावत्या थकल्यात का तेही मोबाइलवर तपासलं. आणखी एक गोष्ट, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे ही २०२७ला पुन्हा तपासणीला न्यायची आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. तो खर्च आत्ताच वहीत लिहून ठेवला. मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सौद्याच्या दिवशीच सह्या करून घेतले. गाडी गेली आणि नाव राहिलं, तर उद्या अपघात झाल्यावर दोन्ही घरांना त्रास.

एप्रिल २०२५मध्ये गाडी दारात आली. नातीला अठरा व्हायला चार महिने होते. तिच्या मनात रंग आणि म्युझिक सिस्टीम. आमच्या ओळखीचे मिस्त्री म्हणाले, "काकू, रंगानं गाडी थांबत नाही, ब्रेकनं थांबते." मग याद्या केल्या दोन. पहिल्या यादीत थांबणं, वळणं, दिसणं. दुसरीत शोभा.

टायर वरून नवे दिसत होते. मिस्त्रींनी बाजूचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१६ होतं, म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबर वाळलेलं. नांदेडच्या मे महिन्यात डांबर तापतं तेव्हा असले टायर फुटतात. चारही बदलले, १४,४०० रुपये. क्लच ६,८००, एसी ५,५००, सस्पेन्शन ४,९००, बॅटरी ४,२००, ब्रेक ३,४००. दुकानदार चामड्याचे सीट कव्हर दाखवत होता. आपल्याला ते चालणार नव्हतं, कापडी घेतले ३,२००ला. मालकी बदल, विमा आणि नवी सुरक्षा पाटी मिळून ९,६००. एकूण ५२,०००. म्हणजे गाडी पडली २,२७,००० ला. विमा नावावर करून घ्यायला विसरू नका, आरसी बदलली म्हणजे विमा आपोआप बदलतो असं नाही. म्युझिक सिस्टीम दुसऱ्या यादीतच राहिली.

नात रोज गॅरेजवर जायची. कूलंट कुठं, ऑइलची काडी कशी पुसून पाहायची, जॅक कुठं लावायचा, सगळं शिकली. स्टेपनी स्वतः बदलल्याशिवाय चावी नाही, ही माझी अट. तिसऱ्या खेपेला जमलं. हात काळे, चेहरा फुललेला.

अवघड होते ते मधले चार महिने. गाडी तयार, पोरगी उतावीळ. पाहुणे म्हणायचे, गल्लीत तर चालवते, कोण बघायलंय! एकदा मुलगाच म्हणाला, "आई, रविवारी बायपासला जरा हात बसू दे." मी चावी माझ्या कपाटात ठेवली आणि दिली नाही. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यांच्याही आया होत्या. २०१९पासून कायदाही स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मुलाला मी एवढंच म्हटलं, "चार महिन्यांसाठी हिची सात वर्षं घालवायची का?" नात दोन दिवस बोलली नाही. मीही चावी काढली नाही.

ऑगस्टमध्ये वाढदिवस झाला, शिकाऊ परवाना आला. पुढे-मागे लाल 'एल', शेजारी परवाना असलेले पप्पा. तीस दिवसांनी पक्की परीक्षा देता येते, पण तिनं आणखी पंधरा दिवस घेतले आणि पहिल्या फेरीत पास झाली. तोवर राग गेला होता.

आपल्या घरात एक प्रश्न येतोच. परिग्रहाचं परिमाण करतो, मग गाडी वाढवायची कशी? आम्ही जुनी मोटारसायकल विकली, म्हणजे वाहनांची संख्या तेवढीच राहिली. आणि नातीला अनर्थदंड समजावला. कामाविना होणारी हिंसा. कॉलेजला जाणं हे काम आहे. पेट्रोल आहे म्हणून चक्कर मारणं, पावसाळी रात्री दिव्यावर झेपावणाऱ्या किड्यांतून गाडी नेणं, हे टाळता येतं. ती म्हणाली, "आजी, इर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहायची, गाडीला किती हात?" मी म्हटलं, जेवढ्यात ब्रेक लागून गाडी थांबेल तेवढे. ते तिला आवडलं. आता पुढच्या गाडीपासून अंतर ठेवूनच चालवते.

दिवाळीनंतर ती आम्हाला जिंतूरला नेमगिरीच्या दर्शनाला घेऊन गेली. पप्पा शेजारी, आम्ही दोघं मागे. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हावं म्हणून लवकर निघालो होतो, त्यामुळे कुठंच घाई नव्हती. वाटेत तिनं न सांगता पंपावर हवा तपासली.

ज्यांची मुलं सोळा-सतराची आहेत, त्यांनी गाडी आधी घेतली तरी हरकत नाही. त्या काळात ती दुरुस्त करा, मुलांना गॅरेजवर पाठवा, खर्चाची वही त्यांच्या हातात द्या. चावी मात्र आईनं आपल्याकडे ठेवावी.