हौदांतील शेवाळ

आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं पुण्याबाहेर घर बांधलें, तेव्हां मागील अंगणांत मुलांकरितां पोहण्याचा हौदहि बांधला. त्यांत सुमारें ४०,००० लिटर पाणी मावतें. हौदाच्या पाठोपाठ शेवाळहि आलें. दर दोन-तीन आठवड्यांनीं पाणी हिरवें व्हावें, विक्रेत्यानें नवी बाटली द्यावी, चार दिवस पाणी निवळावें, आणि पुन्हां तेंच!

हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. शेवाळानें पायऱ्या निसरड्या होतात. आणि गढूळ पाण्यांत मूल तळाशीं गेलें, तर कांठावरच्या माणसास तें दिसत नाहीं. म्हणून तळाची जाळी स्वच्छ दिसेपर्यंत कोणीहि पाण्यांत उतरावयाचें नाहीं, असा नियम मीं घातला. नातवंडें रुसलीं, पण नियम ढळला नाहीं.

शेवाळाचे सूक्ष्म कण वारा, पाऊस, पालापाचोळा यांबरोबर येतच असतात. त्यांस दार बंद करणें अशक्य. पाण्यांत पुरेसें क्लोरिन असल्यास ते रुजण्यापूर्वींच मरतात. मग आमच्या हौदांत नित्य क्लोरिनच्या वड्या पडत असतां शेवाळ जगलें कसें?

रसायनशास्त्र शिकलेल्या धाकट्या सूनबाईंनीं पाणी तपासलें व म्हणाल्या, "मामंजी, औषध कमी पडत नाहीं, औषधाबरोबर येणारें दुसरें द्रव्य फार सांचलें आहे." तें द्रव्य म्हणजे सायन्युरिक आम्ल. उघड्या हौदांतील क्लोरिन उन्हानें कांहीं तासांतच नष्ट होतें; तें टिकावें म्हणून हें आम्ल दहा लाख भागांत ३० ते ५० भाग असावें. परंतु ट्रायक्लोरच्या वड्यांतून १० भाग क्लोरिन मिळालें, कीं सुमारें ६ भाग हें आम्लहि पाण्यांत उतरतें. क्लोरिन खर्च होतें, आम्ल मात्र मागें राहतें. आमच्या पाण्यांत तें १५० भाग झालें होतें. इतक्या आम्लापुढें ३ भाग क्लोरिन नांवापुरतेंच. रक्षक जागेवर आहे, पण हात बांधलेला!

आयुर्वेदांत रोगाच्या कारणाचा त्याग, म्हणजे निदानपरिवर्जन, ही चिकित्सेची पहिली पायरी मानतात. येथेंहि तेंच केलें. पाणी बदलल्यावांचून हें आम्ल सहसा कमी होत नाहीं. पाण्याच्या टंचाईंत दोन-तृतीयांश पाणी काढणें जिवावर आलें. पण त्यानें १५० चे ५० झाले. वड्या बंद करून द्रवरूप क्लोरिन सुरू केलें. तें सूर्यास्तानंतर घालावयाचें. सामू, म्हणजे पीएच, ७·२ ते ७·६ ठेवला. तो ८ वर गेल्यास क्लोरिनचा बराच प्रभाव नष्ट होतो. भिंती व कोंपरे ब्रशानें घांसले, कारण शेवाळ चिकट थराखालीं दडतें. गाळणयंत्र वेळोवेळीं उलट्या प्रवाहानें धुतलें. रात्रीचें क्लोरिन पहांटे १ भागाहून अधिक घटेनासें झालें, तेव्हांच शेवाळ संपलें असें मानलें.

आणखी एक इशारा. निरनिराळ्या जातींचीं क्लोरिनचीं औषधें कोरडीं एकत्र करूं नयेत. स्फोट होऊं शकतो. मोरचुदानें शेवाळ मरतें खरें, पण भिंतींवर डाग पडतात. आणि एका औषधावर दुसरें घालण्यापूर्वीं दोघांचें वैर नाहीं ना, तें पाहावें. २०१६ च्या ऑगस्टांत रिओ दि जानेरो येथील ऑलिंपिकचा सूर मारण्याचा तलाव एकाएकीं हिरवा झाला. पाण्यांत ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पडल्यानें क्लोरिन निष्प्रभ झालें, असें व्यवस्थापकांनीं पुढें सांगितलें. जेथें तज्ज्ञांचा एवढा ताफा, तेथेंहि असें घडतें!

आपल्या शास्त्रकारांनीं कर्मांत नित्य व नैमित्तिक असा भेद केला आहे. शेवाळ घालविणें हें नैमित्तिक कर्म समजून आपण पाणी हिरवें झालें कीं धांवतों. वास्तविक तें नित्यकर्म आहे. सायंकाळीं पांच मिनिटें पाणी तपासून आंकडा वहींत मांडावा. आमच्याकडे हें काम आतां नातीकडे आहे, आणि शाळेच्या हजेरीप्रमाणें तिची वही मी दर रविवारीं तपासतों.