गड चढून आल्यावर साखर वाढली

मधुमेह निघाला तेव्हा माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.४ होतं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड लिहून दिलं आणि रोज चालायला सांगितलं. साताऱ्यातल्या माणसाला चालायला सांगितलं की तो अजिंक्यताऱ्याकडेच बघतो. मीही पहाटे उपाशीपोटी गडावर जायला लागलो. कॉलेजची पोरं पुढे जायला लागली की मी पाय उचलायचो. दम लागला तरी थांबत नव्हतो.

एका सकाळी निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघितली. १३८. वर जाऊन आलो, पुन्हा बघितली. १७१. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत मोजली, तरी तोच प्रकार. घरी कुणाला बोललो नाही. मुलीनं पहिलं विचारलं असतं, "बाबा, वाटेत वडापाव खाल्लात ना?"

शेवटी डॉक्टरांना वही दाखवली. ते हसले. म्हणाले, "सर, पहाटे शरीर जागं होताना कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. त्यात तुम्ही धापा टाकत चढता. मग ॲड्रेनलिन आणि ग्लुकागॉन यकृताकडून आणखी साखर मागवतात." निरोगी माणसाचं इन्सुलिन ही वाढ लगेच आवरतं. आपलं अपुरं पडतं, म्हणून आकडा वर दिसतो. तासा-दोन तासांनी तो उतरतो. मी घरी येऊन ताबडतोब मोजत होतो, पुढचं बघतच नव्हतो.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. साखर आत नेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं एरवी पेशीच्या आत असतात. ती इन्सुलिनच्या सांगण्यावरून बाहेरच्या कडेला येतात, तशीच स्नायूच्या हालचालीनंही येतात. शिवाय व्यायामानंतर दिवस-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. आठवड्याला १५० मिनिटं आणि मध्ये सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको, असं डॉक्टर का बजावतात ते तेव्हा कळलं. नुसतं "चाला" म्हणण्यापेक्षा हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गड सोडला नाही, पण बोलता येईल इतक्या वेगानं चढायला लागलो. रात्री जेवल्यावर टीव्हीपुढे बसायचो, त्याऐवजी पंधरा-वीस मिनिटं शतपावली सुरू केली. जेवणानंतरच्या आकड्यात सगळ्यात आधी फरक दिसला तो या शतपावलीमुळे.

मग एक दिवस उलटंच झालं. लग्नघराची धावपळ होती, दुपारचं जेवण अर्धवट झालं, गोळी मात्र वेळेवर घेतली होती. संध्याकाळी नेहमीसारखा फिरायला निघालो. पोवई नाक्याजवळ दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. ओळखीचा माणूस समोर उभा, पण त्याचं नाव आठवेना. तेव्हा मात्र घाबरलो. त्यानंच रसवंतीत बसवून उसाचा रस पाजला. थोड्या वेळानं घरी जाऊन मोजली तरी ७४ च होती.

ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. त्यात चालणारे पाय साखर ओढत होते. दोन्हीकडून उपसा झाला. डॉक्टरांनी ती गोळी निम्मी केली. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर अशी सहसा उतरत नाही.

पुढे आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून जोर सुरू केले. बायको पहिले काही दिवस दारात उभी राहून हसायची, आता तीही करते. जेवणातली बरीचशी साखर शेवटी स्नायूंतच साठते, म्हणून ते राखायचे. वजन जेमतेम दोन किलो उतरलं, त्याची थोडी खंत आहे. एचबीएवनसी मात्र ७.१ वर आलं. वजन हटत नाही म्हणून व्यायाम सोडणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांना मी हेच दोन आकडे सांगतो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी ठेवा. घाम फुटून हात कापायला लागले किंवा आकडा ७० च्या खाली गेला, तर घर गाठायची घाई करू नका. तिथंच बसा, साखर खा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.