शुक्रवारची अर्धी रजा

दर शुक्रवारी अर्ध्या दिवसाची बिनपगारी रजा टाकून मी एमेस्सीच्या सेमिनारला जाऊन बसतो. विषय सममिती. परीक्षा नाही, स्लाइड्स नाहीत. आठवड्याला एकानं खडू घेऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी अडवायचं.

माझ्या वाट्याला एमी नोएथरचं 1918 सालचं प्रमेय आलं. निसर्गाचे नियम आज आणि उद्या तेच असतील तर ऊर्जा टिकते. इथे आणि तिथे तेच असतील तर संवेग टिकतो. इंजिनिअरिंगला आम्ही दोन्ही वेगवेगळे पाठ केले होते. (मूळ एकच आहे म्हणून कुणी सांगितलं असतं, तरी 'पेपरला येतं का?' एवढंच विचारलं असतं.)

तिसऱ्या ओळीवर एका मुलीनं थांबवलं. "दादा, मागच्या वेळी टोकांवरची पदं शून्य धरली होती. आज का नाही?"

तेव्हा वाटेची दोन्ही टोकं घट्ट धरलेली होती. आज अख्खी वाटच सरकवायची होती. टोकांवर जे उरतं ते दोन्हीकडे सारखंच निघतं, आणि तीच टिकणारी राशी! एवढं फळ्यावर पटवून द्यायला चाळीस मिनिटं लागली. सर मागच्या बाकावर गप्प बसून होते.

ऑफिसात टेस्ट पास झाल्यावर 'का' विचारायला कुणाला वेळ नसतो.

प्रमोशन हवं असेल तर शुक्रवार पूर्ण भरावा लागेल, असं मॅनेजरनं कळवलंय. सेमिस्टरचे पाच शुक्रवार उरलेत. मेल अजून तसाच पडून आहे.