दुकान सापडंना झालंय

पत्ता सांगणं ही एक कला आहे, आणि आमच्या धाराशिवात ती लहान पोरालाही येते. "असं सरळ जावा, मारुती लागंल. तिथं वळू नका. जरा पुढं गेलं की एक म्हैस बांधलेली दिसंल, तिच्या अंगावरनं डाव्या हाताला वळा." एवढ्यावर माणूस बरोबर पोचतो. म्हैस सोडून नेली असेल तर मात्र तो सरळ तुळजापूरला पोचतो. पण त्यातही नुकसान नाही. अनायासे आईचं दर्शन होतं.

पत्त्यांच्या या राज्यात आमच्या पेढ्याच्या दुकानाला फार मान. दुकानाला स्वतःचा पत्ताच नव्हता, कारण ते दुकान हाच इतरांचा पत्ता होता. डॉक्टर 'पेढेवाल्यांच्या समोर' होते, वकील 'पेढेवाल्यांच्या माडीवर' होते. लग्नपत्रिकांत वधूवरांच्या खालोखाल आमचा उल्लेख असे. (दुकानाचं नाव मी इथं सांगत नाही. लेख म्हणून जाहिरात छापली, असं म्हणायला चार माणसं टपलेली असतात.) वडिलांच्या मागं धाकट्या भावानं दुकान सांभाळलं. मी मराठीचा मास्तर झालो. म्हणजे दोघंही जिभेचेच धंदे. फक्त त्याच्या गिऱ्हाइकाला गोडी लागायची.

तर असा हा धाकटा एका रात्री दुकान वाढवून घरी आला आणि बसल्या बसल्या म्हणाला,

"दादा, दुकान सापडंना झालंय."

मी चमकलो. भाऊ निर्व्यसनी आहे.

"मग तू आत्ता आलास कुठनं?"

"दुकानातनंच की. मला सापडतंय. गूगलला सापडंना."

हकीकत अशी होती. रस्ता चौपदरी होऊन गावाला बाहेरून वळसा घालून गेल्यापासून बीडकडून तुळजापूरला निघालेली गाडी गावात शिरेनाशी झाली होती. आता गावात कोण शिरणार? ज्याला मोबाइल सांगेल तो. आणि मोबाइल कुणालाच आमच्याकडं यायला सांगत नव्हता. त्या दिवशी एक पाहुणा आमच्याच दुकानासमोर उभा राहून फोनमध्ये 'पेढा' शोधत होता. फोननं त्याला दीड किलोमीटर लांब पाठवला. भाऊ पायरीवर उभा राहून बघत होता.

"मग हाक मारायची नाहीस?"

"आपण हाका मारून कधी धंदा केलाय का, दादा?"

बोलणाऱ्याची माती खपते, हे मला ठाऊक होतं. पण न बोलणाऱ्याचे पेढेही पडून राहतात, हे त्या रात्री कळलं.

आता घरात मास्तर असताना भावानं बाहेरचा सल्ला कशाला घ्यावा? पण घेतला होता. एक टाय घातलेला तरुण त्याला 'एस.ई.ओ. करून देतो' म्हणाला होता. आमच्या पिढीला एस.ई.ओ. म्हणजे विशेष कार्यकारी अधिकारी. दाखल्यावर सही-शिक्का मारणारा, घराबाहेर पाटी लावणारा मानकरी. भावाला वाटलं, आपल्याला तेच करतायत. त्यानं आनंदानं अठरा हजार रुपये मोजले आणि दोन महिने शिक्क्याची वाट पाहिली. तरुणानं तर लेखी हमी दिली होती: 'पंधरा दिवसांत पहिल्या पानावर पहिला नंबर.' पुढं त्याचा फोन लागेना.

पुण्यात संगणकाचं काम करणारा पुतण्या दिवाळीला आला तेव्हा एस.ई.ओ. म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, हा उलगडा झाला. लोक जे शोधतात त्यात आपण दिसावं म्हणून करायची खटपट. आणि पहिलं पान म्हणजे काय, हेही मला माझ्या पद्धतीनं समजलं. ती लग्नातली पहिली पंगत. जिलबी तिथंच संपते. तिसऱ्या पंगतीला आमटी आणि वाढप्यांची माफी.

"काका, पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही," पुतण्या म्हणाला. "हे गूगलच सांगतंय. नकाशावर वरची जागाही पैसे भरून मिळत नाही. जाहिरात विकत घेता येते, पण तिच्यावर जाहिरात असं लिहिलेलं असतं."

मग त्यानं त्या तरुणानं बनवलेली आमची वेबसाइट उघडली. मी वाचू लागलो: 'धाराशिवमधील उत्तम पेढा हवा असल्यास धाराशिवमधील उत्तम पेढा मिळणारे धाराशिवमधील उत्तम पेढ्याचे दुकान...' माझा हात नकळत खिशातल्या लाल पेनाकडं गेला. खाली पान पांढरं, मोकळं होतं. पुतण्यानं त्यावरून बोट ओढलं तशी अक्षरं उमटली. पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात 'पेढा, पेढा, पेढा' असं कितीतरी वेळा लिहून ठेवलं होतं. लिंबाच्या रसानं कॉपी लिहून आणणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यातलंच कुणीतरी मोठं होऊन आमच्याकडं आलं असावं.

"हे पूर्वी चालायचं," पुतण्या म्हणाला. "आता असल्यानं उलट खाली ढकलतात."

पुढं त्यानं मला यंत्राची सगळी करणी सांगितली. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोघांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली. त्यांचे यांत्रिक हेर जगातली पानं रात्रंदिवस वाचत फिरतात आणि कुठल्या पानावर काय आहे याची सूची ठेवतात. एका पानानं दुसऱ्याचा दुवा दिला की ते एक मत धरायचं, आणि वजनदार पानाचं मत वजनदार, ही मूळ युक्ती. लोकांनी लगेच मतं विकत घ्यायला सुरुवात केली. मतांच्या खरेदीचं मला नवल वाटलं नाही. मग गूगलनं २०११ साली पांडा आणि २०१२ साली पेंग्विन अशा नावांच्या सुधारणा आणल्या. एक रद्दी मजकूर हुडकतो, दुसरा विकतची मतं. एका पेढ्यापायी केवढा हा प्राणिसंग्रह!

मला मात्र आमचे तेरचे गोरोबाकाका आठवले. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कच्चं मडकं कुठलं ते सांगितलं, ही कथा आम्हांला पाळण्यात असल्यापासून माहीत. हे यंत्र तरी दुसरं काय करतंय? पानापानावर थापटणं मारतंय. जे फार ओरडलं ते कच्चं.

"आता नकाशावरची आपली नोंद बघू," म्हणून पुतण्यानं ती उघडली, आणि गप्प झाला. मी चष्मा सारखा करून वाकलो. दुकानाच्या नावाखाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'कायमचे बंद'.

त्या तरुणानं नवी नोंद केली होती, तिची खूण चुकून स्मशानभूमीच्या कडेला टाकली होती, आणि जुनी नोंद, जिच्यावर इतक्या वर्षांचे लोकांचे अभिप्राय होते, ती बंद झाल्याचं कळवून टाकलं होतं.

तुम्हांला वाटेल, एवढं काय त्यात? पण आमच्या घरात 'दुकान बंद केलं' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. दुकान 'वाढवायचं' असतं. नारळ फोडायचा नसतो, तोही वाढवायचा असतो. वडील गेले त्या दिवशीही फळीवर खडूनं 'आज दुकान उघडणार नाही' एवढंच लिहिलं होतं. भाऊ ती तांबडी अक्षरं बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

"त्याला कसं कळलं?"

तेव्हा समजलं. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागा भाड्यानं मागत होता, आणि भावानं त्याला पाडव्यापर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. घरात कुणालाच बोलला नव्हता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर खोचला आणि पुतण्याला म्हणाली, "ते आधी पूस."

ते पुसता येतं. दुकान पुन्हा सुरू असल्याचं कळवलं की नोंद जिवंत होते. मग सगळं घर कामाला लागलं. पहिला धडा असा, की नाव, पत्ता आणि फोन सगळीकडं एकच हवा. आमच्याकडं पावतीवर एक, पिशवीवर दुसरा आणि पाटीवर १९८७ सालचा फोन होता.

दुसरा प्रश्न गावाचा. २०२३ साली उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं. निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावामागं दडलेलं गावाचं जुनं नाव परत आलं. पण हैदराबादच्या पाहुण्याच्या बोटांना अजून जुनीच सवय. पुतण्या म्हणाला, "एकदाच लिहा, 'धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)'." भाऊ म्हणाला, "म्हणजे पत्रिकेत पूर्वाश्रमीची लिहितात तसं." जगभर नाव झालेल्या आमच्या शेळीला मात्र कुणी विचारलं नाही. ती बिचारी अजून उस्मानाबादीच आहे.

'पेढा'च्या इंग्रजी स्पेलिंगात एच किती, यावर मी वाद घालणार होतो. पण चुकीचं लिहिलं तरी गूगल बरोबर ते ओळखतं म्हणे. मी जन्मभर तेच करत आलो. फक्त माझ्या हातात छडी होती.

तिसरी गोष्ट अवघड होती. त्या तरुणानं साइटवर 'अस्सल कुंथलगिरीचा खवा' असं ठोकून दिलं होतं. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी म्हणजे जैनांचं सिद्धक्षेत्र, कुलभूषण-देशभूषण मुनींचं निर्वाणस्थान. तिथल्या खव्याचं नाव मोठं, आणि २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लोक 'कुंथलगिरी' हाच शब्द शोधतात. तो ठेवला असता तर गिऱ्हाईक नक्की वाढलं असतं.

"काढ ते," भाऊ म्हणाला. "आपला खवा आपल्या परड्यातल्या भट्टीवरचा. गिऱ्हाइकासाठी गाव खोटं सांगायचं का?"

"मग काय लिहायचं?" पुतण्यानं विचारलं.

इथं माझी मास्तरकी कामाला आली. मी तीन दिवस गल्ल्याशेजारी वही घेऊन बसलो आणि गिऱ्हाईक जे विचारील ते त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं. पेढा किती दिवस टिकतो? खवा कुठला? साखर कमी असलेला आहे का? गाडी कुठं लावायची? एकादशीला उघडं असतं का? इथनं तुळजापूर किती? पुतण्या वही वाचून म्हणाला, "काका, याचसाठी लोक पैसे मोजतात. हेच शब्द लोक फोनमध्ये विचारतात. याची खरी उत्तरं लिहा, झालं एस.ई.ओ."

भाऊ सांगत गेला, मी लिहीत गेलो. 'खवा दुकानामागंच आटवतो. म्हशीच्या चार-पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर होतो. दुपारी तीन ते पाच भट्टी चालू असते, येऊन बघा. पेढा चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी खाऊ नका.' मी म्हटलं, दुसरे महिनाभर टिकतो म्हणून लिहितात. भाऊ म्हणाला, "त्यांचा टिकत असंल."

अभिप्रायांसाठी भावानं 'पाच तारे द्या, पावशेर पेढे न्या' अशी योजना काढली होती. पुतण्यानं ती हाणून पाडली. बक्षीस देऊन अभिप्राय घेणं नियमात बसत नाही. 'आवडलं तर लिहा' एवढंच म्हणायचं. तसं म्हणायलाही भावाला तीन आठवडे लागले. एकानं लिहिलं, 'पेढा उत्तम. मालक बोलत नाहीत.' भावानं खाली उत्तर दिलं, 'बरोबर आहे.' आजवर आमच्या दुकानाचा हाच सर्वांत गाजलेला मजकूर आहे.

पंधरा दिवसांत काहीच झालं नाही. गूगलचीच माणसं सांगतात की फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं. पहिला नंबर आमचा अजूनही नाही. पण पाचव्या महिन्यात बीडकडची एक गाडी वळसा सोडून गावात शिरली आणि दुकानासमोर थांबली. बाई उतरून म्हणाल्या, "भट्टी चालू आहे ना? चार दिवस टिकतो असं खरं लिहिलंय, म्हणून आलो." मग दुसरी आली. आता दुपारी तीनला परड्यात चार पोरं तरी कढईकडं टक लावून उभी असतात. कव्हरवाल्यानं जागा दुसरीकडं बघितली.

आमच्या जिल्ह्याला हे नवं नाहीच म्हणा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं गाव सांगितलं आहे. ते आमचं तेर. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. तेरच्या विणकरांनी त्यासाठी कुणाला अठरा हजार दिल्याची नोंद नाही. कापड चांगलं होतं, कुणीतरी लिहून ठेवलं. लिहिणाऱ्यानं आपलं नावही दिलेलं नाही. जुन्यातला जुना निनावी अभिप्राय तो हाच असावा.

परवा नोंदीतल्या वेळा बदलायच्या होत्या. पुतण्या फोनवरून विचारत होता, "बाबा, बंद होण्याची वेळ काय टाकू?"

भाऊ काही बोलेना. नेहमीचंच. मग वहिनीनं फोन घेतला.

"नऊला वाढवतो म्हणावं," ती म्हणाली.

"आई, तिथं 'बंद' एवढाच शब्द आहे."

"असू दे. तू नऊ टाक. पाटीवर काय लिहायचं ते आम्ही बघतो."