गुहागरचे दडपे पोहे

गेल्या मार्गशीर्षांत आमचें गुहागरास जाणें झालें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाल्यापासून चिपळुणापर्यंतचा प्रवास सुखाचा झाला आहे. पुढील सुमारें ४५ किलोमीटर आम्ही एस. टी.नें गेलों. श्रीव्याडेश्वराचें दर्शन घेऊन समुद्राच्या बाजूची पाखाडी धरली. नारळी-पोफळींच्या वाड्या, त्यांत जांभ्या दगडाचीं घरें व पलीकडे सुरूंच्या बनामागून येणारी समुद्राची गाज, हें सर्व वाचकांपैकीं अनेकांस परिचित असेलच.

परंतु या खेपेस आम्ही देवदर्शनासाठीं गेलों नव्हतों. वडिलार्जित वाडी विकावी असें पुण्या-मुंबईच्या पुतण्यांचें ठरलें होतें, आणि तें वहिनींच्या कानीं घालण्याचें काम हयात भावांत वडील म्हणून आमच्याकडे आलें होतें. आमचे ज्येष्ठ बंधु गेल्यापासून वहिनी तेथें एकट्याच राहतात. त्या घरांत येऊन त्यांस ५५ वर्षें झालीं.

“बसा भावजी, दडपे पोहे करतें. अर्धा तास लागेल हो,” असें म्हणून त्यांनीं विळी घेतली.

या पदार्थास विस्तव लागतो तो केवळ फोडणीपुरता. ४ वाट्या पातळ पोहे चाळून निवडून घ्यावे. ते भिजवूं नयेत. ताज्या नारळाचें दीड वाटी खोबरें खवून, त्याच नारळाच्या अर्ध्या वाटी पाण्यासह पोह्यांत हलक्या हातानें कालवावें. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर व लिंबाचा रस घालावा. चातुर्मासांत कांद्याऐवजीं काकडी चोचवून घालावी. मोहरी, हिंग व हळद यांची फोडणी निववून मिसळावी. मग पोहे पातेल्यांत चेपून, वर ताट झांकून त्यावर वजन ठेवावें. वहिनींनीं वरवंटा ठेवला. खोबऱ्याच्या व कांद्याच्या ओलाव्यानेंच पोहे मऊ होतात. घाईनें पाणी शिंपडल्यास त्यांचा लगदा होतो, हा आमच्या पुण्याच्या घरचा अनुभव आहे.

त्या अर्ध्या तासांत आम्ही बोलणार होतों. पण वहिनी एकेका मुलाचें नांव घेऊन खुशाली विचारीत राहिल्या, आणि आमच्यानें बोलवेना. अखेर भाजलेल्या पापडासह पोह्यांची बशी हातीं आल्यावर आम्हीं सर्व सांगितलें.

त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, “वाडी तुम्हां सर्वांची आहे, मी अडवणार नाहीं. पण मुलांनीं एकदां येथें येऊन आपल्या तोंडानें सांगावें. त्याच दिवशीं सही करीन.”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. निघतांना त्यांनीं पोह्यांची पुरचुंडी व दोन नारळ आमच्या पिशवींत घातले. संस्कृतांत पोह्यांस ‘पृथुक’ म्हणतात; सुदाम्यानें द्वारकेस नेले ते हेच. तो कांहींएक न मागतां परतला होता. आम्ही मात्र मागावयास गेलों होतों, आणि पुरचुंडी घेऊन परतलों.

घरीं सूनबाईंनीं त्याच रीतीनें पोहे दडपले, उत्तम झाले. वाचक भगिनींनीं अवश्य करून पाहावेत. पुतण्यांस वहिनींचा निरोप जसाच्या तसा कळविला आहे. त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहों.